बाउन्सरच्या चित्रपटातली मारामारी: बारच्या प्रसंगाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी: पटकथेची फोड

प्रसंग ४१. लहान गावातला एकुलता एक बार, गर्दीची रात्र, दारावर नुकताच कामाला लागलेला बाउन्सर. चार जण कुरापत काढतात आणि शेवटी चौघेही रस्त्यावर असतात. पटकथेत साडेचार पानं, म्हणजे पडद्यावर साधारण तितकीच मिनिटं. त्यातली प्रत्यक्ष हाणामारी पावणेदोन मिनिटांच्या वर जाऊ द्यायची नाही.

आजच्या बैठकीत एक गोष्ट पक्की झाली आणि सेटपासून आवाजापर्यंत सगळं तिच्यावर बेतायचं आहे. बाउन्सरला कुणाला हरवायचं नसतं, त्याला माणूस दाराबाहेर काढायचा असतो. रिंगणातला मुष्टियोद्धा समोरच्याला आडवा करून मोकळा होतो. बाउन्सरने माणूस आडवा केला तर त्याचंच काम वाढतं, कारण पडलेला माणूस उचलून न्यावा लागतो आणि तोवर बाकीचे तिघे मोकळे असतात. म्हणून ही मारामारी खोलीच्या आतल्या टोकाला सुरू होईल आणि प्रत्येक चालीला दाराकडे सरकेल. जी चाल कुणालाच दाराजवळ नेत नाही ती कितीही देखणी असली तरी कापायची. फिरती लाथ आणि काउंटरवरून घेतलेली उडी याच नियमाने आज यादीतून गेल्या.

दुसरा मुद्दा गावाचा. मोठ्या शहरात बाहेर काढलेला माणूस पुन्हा समोर येईलच असं नाही. लहान गावात तोच माणूस दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर शेजारी उभा असतो, त्याचा भाऊ बारला माल पोचवणारा असतो. चार लोकांदेखत नाक कापलं गेलं की वैर सुरू होतं. त्यामुळे हाणामारीआधीचा बोलण्याचा भाग भरताड नाही, तो पूर्ण ठेवायचा. दिग्दर्शकाला तो छाटायचा होता, शेवटी राहिला.

९ जानेवारी: बाउन्सरची देहबोली

नायकाचं काम करणाऱ्या नटाला मुष्टियुद्धाची सवय आहे. हनुवटी खाली, मुठी वर, वजन पुढच्या पायावर. हे सगळं आधी मोडावं लागेल. मुठी वर आल्या की भांडण ठरूनच जातं. दारावर काम करणारे लोक हात उघडे, छातीच्या उंचीला, तळवे समोरच्याकडे असे ठेवतात. लांबून ते समजावणीचे हात दिसतात, पण गुद्दा आला तर अडवायला आधीच जागेवर असतात. उभं राहायचं ते समोरासमोर छाती भिडवून नाही, साधारण ४५ अंशांत तिरकं. अंतर दीड हाताचं. मागे भिंत, दार नजरेत.

टाय खरा बांधलेला नको, कॉलरला अडकवायचा क्लिपवाला हवा. धरून ओढला की हातात येतो, गळ्याला फास बसत नाही. पडद्यावरही उपयोग करायचा आहे: दुसऱ्या गड्याने टाय ओढल्यावर तो त्याच्या मुठीत राहतो, तो क्षणभर मुठीकडे बघतो, आणि त्याच क्षणात त्याचा कोपर बाउन्सरच्या हातात गेलेला असतो.

माणूस चालवत नेण्याची पकड: एक हात मनगटावर, दुसरा त्याच हाताच्या कोपराच्या वर मागच्या बाजूने. आपला खांदा त्याच्या खांद्याच्या किंचित मागे. ओढायचं नाही, पुढे चालायचं. कोपर सरळ आणि अंगापासून थोडा दूर राहिला तर तगड्या माणसालाही वळून मारणं अवघड जातं. दोघे बाउन्सर असतील तर दोन्ही बाजूंनी हेच, आणि दार तिसऱ्याने धरायचं. आपला बाउन्सर एकटा आहे, हीच त्याची अडचण.

पटकथेत मागून गळ्याला हात घालून बेशुद्ध करण्याची चाल होती, ती बदलली. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर माणूस १० सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपतो आणि पकड तशीच राहिली तर जिवावर बेततं. जाणता बाउन्सर भर गर्दीत ते करणार नाही. पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर गुडघा टेकून बसणंही काढलं, कारण छाती दबून श्वास कोंडतो. हे पडद्यावर रुबाबदार दिसतं म्हणून लोक खरोखर करतात, तेवढ्यासाठी तरी आपण दाखवू नये.

१३ जानेवारी: सेटचा आराखडा

आतली मापं ११ × ७ मीटर. दार आखूड भिंतीच्या मधोमध, काउंटर डाव्या लांब भिंतीला, पूल टेबल दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात. भांडण पूल टेबलापाशी सुरू होतं, म्हणजे दारापर्यंत ९ मीटरचा प्रवास मिळतो. मधली वाट १.८ मीटर. कमी ठेवली तर दोन अंगांना हालचालीला जागा उरत नाही, जास्त ठेवली तर बार रिकामा वाटतो आणि कोंडी दिसत नाही.

हाणामारीच्या पट्ट्यात जमिनीवर खाली १२ मिमी रबर, वर १२ मिमी प्लायवूड, त्यावर लाकडाच्या छापाचं व्हिनाइल. प्लाय थेट काँक्रीटवर ठोकलं तर पडणाऱ्याच्या माकडहाडाला कळतं. व्हिनाइल ओलं झालं की निसरडं होतं, म्हणून वरून मॅट पॉलिशमध्ये बारीक वाळू मिसळून एक हात. काउंटरच्या कडेला २५ मिमी कडक फोमची पट्टी, लाकडासारखी रंगवलेली. उजवी लांब भिंत सुटी, चाकांवर, कॅमेरा मागे नेण्यासाठी.

दारावर जास्त विचार करावा लागला. सार्वजनिक जागेचं दार बाहेर उघडतं, कारण आग लागल्यावर गर्दी दारावर रेटते. आतून कमरेच्या उंचीला आडवा दाबदांडा असतो. बाउन्सर माणसाला पाठीने त्या दांड्यावर ढकलेल आणि दार आपोआप उघडेल, चालीच्या दृष्टीने हे सोन्यासारखं आहे. पण दोन माणसं वेगात येत असताना खटका अडकला तर ती बंद दारावर आपटतात, आणि खरा दांडा बरोबर मणक्याच्या खालच्या भागात बसतो. म्हणून खटका पूर्ण काढला, जागी ढकलताच सुटणारा हलका गोळीचा कॅच बसवला. दांडा फोमचा, चांदी रंगाचा. दाराबाहेर एक माणूस मॉनिटर बघत उभा राहील आणि शेवटच्या पावलाला दार स्वतः ओढेल. बाहेर ३० सेंमी जाडीची गादी, तिच्या कडा फटीत गुडघा जाणार नाहीत अशा बांधलेल्या.

काउंटरमागे ३ मिमी अ‍ॅक्रिलिक आरसा, प्लायवर चिकटवलेला, ३ अंश खाली झुकवून, म्हणजे कॅमेरा आणि दिवे दिसत नाहीत. निऑनची पाटी काचेच्या नळीची नको, लवचीक एलईडीची. काचेच्या निऑनला हजारो व्होल्ट लागतात आणि ती फुटते.

१४ जानेवारी

आरसा फोडायचा होता, तो रद्द. आरसा काउंटरमागे आहे, तिथे माणूस फेकला की मारामारी दाराकडून दूर जाते. वाचलेला खर्च टेबलांवर वळवला.

२० जानेवारी: चालींची यादी

एकूण ३८ चाली, पाच तुकड्यांत. सर्वांत लांब तुकडा ९ चालींचा. याहून लांब सलग तुकडा नट लक्षात ठेवतो, पण शेवटच्या दोन-तीन चालींत त्याचा चेहरा अभिनय सोडून मोजणी करायला लागतो. कॅमेऱ्याला ते लगेच दिसतं.

प्रत्येक चालीपुढे चार रकाने: कोण करतं, कुणावर, कोणत्या पायावर वजन, आणि ती संपल्यावर दोघे दारापासून किती मीटरवर. चौथा रकाना आपणच घातलेला आहे आणि तोच यादी तपासतो. १७ व्या चालीनंतर अंतर ५.२ वरून ६ मीटर झालेलं दिसलं, म्हणून १७ आणि १८ ची जागा बदलली.

तालमीचा क्रम दर चालीला तोच: नजर भेटली पाहिजे, मारणाऱ्याने हात मागे नेऊन तयारी दाखवली पाहिजे, मग हालचाल, मग प्रतिक्रिया. नजर भेटली नाही तर हात सुटायचाच नाही. ओढणं, ढकलणं, केस धरणं या सगळ्यांत ताबा मार खाणाऱ्याकडे असतो. केस धरणारा फक्त मूठ डोक्यावर ठेवतो, खालचा माणूस दोन्ही हातांनी ती मूठ स्वतःच्या डोक्यावर दाबतो आणि स्वतःच्या पायांनी जातो. प्रेक्षकाला तो हात सोडवायला धडपडताना दिसतो.

वेग चतुर्थांश, मग अर्धा, मग पाऊण. पूर्ण वेग तालमीत नाही आणि चित्रणातही नाही. पाऊण वेगात प्रत्येक चाल वाचता येते, उरलेलं कॅमेरा आणि संकलन भरून काढतं. पूर्ण वेगात हात नुसते फडफडतात.

२३ जानेवारी: साखरेची काच

दारातली छोटी काच आणि जमिनीवर पडून फुटणारे ग्लास यांच्यासाठी साखर चालेल का, याची चाचणी. प्रमाण: साखर ७०० ग्रॅम, पाणी ४५० मिली, ग्लुकोज सिरप ३३० ग्रॅम, क्रीम ऑफ टार्टर पाव चमचा. एवढ्यात ४ मिमी जाडीचा साधारण ४० × ४० सेंमीचा एक ताव होतो.

साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळी आल्यावर चमचा घालायचाच नाही. भांड्याच्या कडेला चिकटलेले कण ओल्या ब्रशने खाली उतरवायचे. एक कण राहिला तरी त्याच्याभोवती पाक पुन्हा दाणेदार होतो आणि काच दुधी दिसते. ग्लुकोज सिरप आणि टार्टर दोन्ही त्यासाठीच आहेत. तापमान १५० अंश सेल्सिअस. १४७-१४८ ला आच बंद करायची, भांड्यातल्या उष्णतेने उरलेले अंश चढतात. १४५ च्या खाली राहिलेला ताव निवल्यावर वाकतो, फुटत नाही. १६० च्या पुढे रंग पिवळा होत तपकिरी होतो. तपकिरी बाटलीसाठी तो दोष नाही, खिडकीसाठी आहे. ताट कोमट हवं. थंड ताटावर ओतलेला पाक निवताना स्वतःच तडकतो.

या पाकाचा थेंब हातावर पडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून भाजत राहतो. लांब बाह्या, जाड हातमोजे, शेजारी थंड पाण्याची बादली.

खरी अडचण हवेची. साखर दमटपणा ओढते. दिव्यांखाली ताव तासाभरात चिकट होतो, उभा लावला तर मधोमध पोट काढतो. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवायचा आणि टेकच्या अगदी आधी बसवायचा. मुंग्या लागतात, तेही धरून चालायचं. आणि एक गैरसमज: साखरेची काच कापत नाही असं मानलं जातं. तिच्या कडा कापतात. उघड्या अंगावर किंवा चेहऱ्याजवळ नाही.

निर्णय: दारातल्या २० × ३० सेंमीच्या काचेसाठी साखर, बाकी सगळं रेझिन (ओतून घट्ट होणारं प्लास्टिक).

२७ जानेवारी: बाटल्या

दोन भागांचं ठिसूळ रेझिन, सिलिकॉनच्या साच्यात. खऱ्या बाटलीवरून दोन फाकांचा साचा. बाटली अर्धी बुडवायला जी माती वापरायची ती गंधकविरहित असावी. प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन गंधकाला लागलं की तेवढ्या जागी चिकटच राहतं. लेटेक्सच्या हातमोज्यांनीही तेच होतं, म्हणून नायट्राइलचे हातमोजे.

रेझिन थोडं थोडं ओतून साचा हातात फिरवत राहायचं, म्हणजे आतून सारखा थर बसतो. भिंत २ ते २.५ मिमी. ४ मिमी झाली तर बाटली फुटत नाही, लागते. दीडच्या खाली गेली तर मुठीतच मोडते. ओतताना साचा उभा फिरवला की सगळं रेझिन तळाशी साचतं आणि तळ जाड होतो. असा तळ डोक्यावर बसला तर दगडच. म्हणून मारायचं नेहमी बाटलीच्या पोटाने. साच्यात किंवा भांड्यात ओल राहिली तर रेझिनला फेस येतो, बुडबुडे दिसतात.

लेबल कागदी असतं आणि चिकटलेला कागद तुकड्यांना धरून ठेवतो. फुटलेली बाटली मग लेबलाला लोंबकळते आणि दृश्य जातं. लेबल फक्त कॅमेऱ्याकडच्या अर्ध्या भागावर लावायचं, त्यालाही मागून ब्लेडने उभ्या रेघा.

आत रंगीत पाणी २०-३० मिली, शिंतोड्यांपुरतं. भरलेली बाटली कधीच नाही, पाण्याचं वजन रेझिनमागून येऊन बसतं.

मार घेणाऱ्यासाठी: डोळे आणि तोंड बंद, हनुवटी छातीला, चेहरा बाटलीपासून उलट दिशेला. बाटली डोक्याच्या वरच्या मागच्या भागावर, विगच्या आत पातळ फोमची टोपी. मारणारा बाटली फेकल्यासारखी खाली आणत नाही, तिला डोक्यावरून पलीकडे नेतो. तिथेच थांबवली तर मानेत धक्का जातो.

सहा फुटण्याचे प्रसंग, प्रत्येकी तीन नग, चाचणीसाठी सहा. एकूण २४ बाटल्या. खोक्यात उभ्या, फोमच्या खाचांत, सावलीत. उन्हात उभ्या गाडीत ठेवल्या तर मऊ पडून वाकतात.

३० जानेवारी: बाल्साच्या खुर्च्या आणि टेबल

बाल्सा घनमीटरला १६० किलोच्या आसपास, सागाच्या चौथाईहूनही हलका. आख्खी खुर्ची एक किलोच्या आत येते. पाय ३५ मिमीचे, खऱ्या खुर्चीइतकेच जाड, पण मोडायच्या जागी आतल्या बाजूने दोन तृतीयांश खोल खाच. खाच लाकडाच्या रेषेला आडवी हवी. बाल्सा रेषेच्या दिशेने फाटला की लांब टोकदार सळ्या निघतात, आणि त्या कापडातून आत जातात. खिळे, स्क्रू, धातूच्या पट्ट्या एकही नाही. जोडाला गोंदाचा ठिपका आणि दातकोरणीची खुंटी. रंग पाण्यातला, पातळ. ऑइल पेंटचे दोन हात दिले की वर कडक साल तयार होते आणि खुर्ची मोडायच्या जागी वाकते.

बाल्साच्या खुर्चीवर बसता येत नाही. बसण्याच्या शॉटसाठी खरी, उचलण्याच्या शॉटआधी अदलाबदल. इथेच नटांची फसगत होते: खरी खुर्ची चार-पाच किलोंची, ही एका हाताने उडते. उचलताना आधी गुडघे वाकले पाहिजेत, खांदा खाली गेला पाहिजे, श्वास बाहेर पडला पाहिजे. तालमीत खरी खुर्ची भरपूर उचलून घ्यायची, मग शरीराला ते आठवतं.

मार बसतो तो पाठीच्या वरच्या भागावर, खांद्याच्या पात्यांवर, पॅडवर. बैठकीची फळी अंगाला लागता कामा नये, फक्त पाय आणि पाठीच्या पट्ट्या. खुर्च्या सहा.

टेबल दोन. पृष्ठभाग मधोमध कापून खालून दोन बाल्सा पट्ट्यांनी जोडलेला, पायांना खाचा. पडणारा मधल्या रेषेवर पाठ टेकवून पडतो. कडेवर पडला तर टेबल मोडत नाही, उलटतं, आणि तुळई बरगडीला लागते. रेषेच्या दोन्ही टोकांना ग्लासच्या ओल्या वर्तुळांसारख्या खुणा रंगवल्या आहेत, त्या पडणाऱ्यासाठी निशाणी.

४ फेब्रुवारी: तालीम आणि नमुना चित्रण

तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर टेपने सेट आखला, टेबलांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी. फोनच्या कॅमेऱ्याने सगळे तुकडे घेऊन कच्चं संकलन. लांबी १ मिनिट ५२ सेकंद आली. तिसऱ्या तुकड्यात बाउन्सर तिघांना एकामागून एक भिडतो आणि उरलेले नुसते वाट पाहत उभे दिसतात. गर्दीच्या मारामारीतला हा जुना दोष. उपाय असा की वाट पाहणाऱ्याला काम द्यायचं: एकाचा पाय मोडक्या टेबलात अडकलेला, दुसरा बाउन्सरने मध्ये आणलेल्या स्वतःच्याच साथीदारामुळे पोचू शकत नाही. चालवत नेण्याची पकड इथे ढाल होते. लांबी आता १:४१.

७ फेब्रुवारी: वेशभूषा

बाउन्सरचे सहा शर्ट: दोन स्वच्छ, दोन फाटके, दोन बॉडी डबलचे, एक माप मोठे, आत पॅड मावण्यासाठी. पँटच्या जांघेत ताणणाऱ्या कापडाची चौकट, नाहीतर पहिल्यांदा खाली बसतानाच उसवते. घड्याळ, अंगठ्या, धातूचं बक्कल सगळ्यांचंच बंद. बक्कल रबरी, चांदी रंगाचं. बुटांचे तळवे सारखे: एका जोडीचा तळवा घसरता आणि दुसरीचा पकडणारा असला तर डबलचा आणि नटाचा थांबा जुळत नाही.

१० फेब्रुवारी: कॅमेरा चाचणी

गुद्दा चेहऱ्यापासून २० ते २५ सेंमी दूरून जातो. तो लागलेला दिसावा यासाठी कॅमेरा, मूठ आणि चेहरा एका रेषेत हवेत, म्हणजे कॅमेरा मार खाणाऱ्याच्या किंवा मारणाऱ्याच्या खांद्यामागे. ८५ मिमीच्या लांब लेन्सवर अंतर दिसेनासं होतं. २४ मिमीच्या रुंद लेन्सवर तोच गुद्दा उघडा पडतो. बाजूने कधीच घ्यायचा नाही. मान गुद्द्याच्या दिशेनेच वळली पाहिजे आणि वेळेवर. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४२ मिलिसेकंदांची, तीन-चार फ्रेम उशीर झाला तरी प्रेक्षकाला खोटं वाटतं, का ते त्याला सांगता येत नाही.

सरळ आणि वाकडा गुद्दा असा लपतो, ढकलणं लपत नाही. बाउन्सरच्या चालींत ढकलणं आणि धरणंच जास्त, त्यामुळे इथे खरा स्पर्श आहे आणि रुंद लेन्स चालते. ३५ मिमीवर दार सतत पार्श्वभूमीत ठेवता येतं. प्रत्येक तुकड्याच्या निदान एका शॉटमध्ये दार दिसलंच पाहिजे. किती उरलं ते प्रेक्षकाला मोजता आलं की ताण आपोआप येतो.

वेग: काही शॉट २२ फ्रेमवर, म्हणजे पडद्यावर ९ टक्के जलद. २० वर हालचाल विनोदी व्हायला लागते. धूर, सांडणारं पाणी किंवा मोकळे केस असलेल्या शॉटमध्ये २४ च, कारण ते चोरी उघडी पाडतात.

लुकलुक: बारमधले छोटे दिवे वीजपुरवठ्याच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात. ५० हर्ट्झच्या विजेवर २४ फ्रेमला शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ आत येतो त्याचं माप, ३६० अंश म्हणजे पूर्ण वेळ) १७२.८ अंश, २२ फ्रेमला १५८.४ अंश, दोन्हीकडे १/५० सेकंद. ६० हर्ट्झ असेल तर २४ ला १४४ अंश. बाटली फुटण्याच्या शॉटसाठी तुकडे ठळक हवेत, तिथे ८६.४ अंश, १/१०० सेकंद. उजेड निम्मा होतो, दिवे त्या हिशेबाने.

१२ फेब्रुवारी: सुरक्षा बैठक

कुणीही, चहावाला असला तरी, "थांबा" म्हणाला की थांबायचं. फाइट मास्टरचा शब्द शेवटचा, दिग्दर्शकाच्याही वर. रुग्णवाहिका दारापाशी, वाट मोकळी, डोळे धुण्याची बाटली आणि बर्फाच्या पिशव्या कॅमेऱ्यामागे. डोक्याला खरा मार बसला तर त्या माणसाचं त्या दिवसाचं काम संपलं, तो ठीक आहे म्हणाला तरी. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं ही लक्षणं तासांनंतरही येतात.

गर्दीतले ४० लोक. हाणामारीपासून दोन मीटरच्या आतले सगळे स्टंटचे, बाकीचे त्यांच्या मागे. आतल्या फळीतला माणूस हालचाल जाणतो, घाबरून चुकीच्या बाजूला सरकत नाही.

१७ ते २० फेब्रुवारी: चित्रण

क्रम पटकथेचा नाही, मोडतोडीचा. आधी अखंड सेटवरचे संवाद, मग रिकाम्या हातांच्या चाली, मग बाटल्या, मग खुर्च्या, टेबलं शेवटी, दारातली काच सर्वांत शेवटी. एक टेबल मोडलं की झाडून, नवं मांडून, ग्लास जागेवर ठेवून पुन्हा तयार व्हायला पाऊण तास जातो. झाडू आधी, मग ओला पोछा, चुंबक नाही, कारण रेझिन आणि साखर लोहचुंबकाला लागत नाहीत. प्रत्येक टेकनंतर पडणाऱ्याच्या जागेवरून हात फिरवून पाहणारा एक माणूस नेमलेला.

रक्त चार पायऱ्यांत: ०, १, २, ३. कमी रक्ताचे शॉट आधी. चेहऱ्याचे फोटो पायरीच्या आकड्यासह. ग्लिसरीनचं रक्त चेहऱ्यावर, साखरेचं जमिनीवरही नको, बुटांना चिकटून पकड बदलते.

संगीत चित्रणात बंद, कारण संवाद घ्यायचे आहेत. गर्दीला ताल मिळावा म्हणून स्पीकरमधून फक्त ४० हर्ट्झच्या आसपासचे ठोके. अंगाला जाणवतात, नंतर गाळणीने संवादातून काढता येतात.

बाटली टेक: पहिला नग मुठीत मोडला, बाटलीची मान पकडताना अंगठ्याचा दाब गळ्यापाशी आला होता. पकड एक बोट खाली घेतली, पुढचा स्वच्छ फुटला. दार वेळेवर उघडत राहिलं. शेवटच्या गड्याला बाहेर काढताना बाउन्सर त्याची टोपी जमिनीवरून उचलून त्याच्या हातात देतो, ते आयत्या वेळी घातलं आणि राहू दिलं. उद्या पेट्रोल पंपावर गाठ पडायची आहे, हे त्याला ठाऊक आहे.

३ मार्च: संकलन

आघाताच्या कटवर दोन फ्रेमची पुनरावृत्ती: पहिल्या शॉटमध्ये मूठ पोचते, दुसऱ्या शॉटमध्ये ती पोचण्याच्या दोन फ्रेम आधीपासून सुरुवात. डोळ्याला नवीन कोन समजायला तेवढा वेळ लागतो आणि मार जड वाटतो. चुकलेल्या गुद्द्यांत आघाताआधीची एक फ्रेम काढली की अंतर झाकलं जातं. ढकलण्याच्या चालींना हे करायचं नाही, त्या सलग दिसल्या पाहिजेत. चालवत नेण्याचा सर्वांत लांब शॉट ११ सेकंदांचा आहे आणि तो एका कटाशिवाय राहिला. अंतिम लांबी १:३८.

१२ मार्च: आवाज

खरा गुद्दा बोथट वाजतो. तीन थर: खाली चामड्याच्या जड पिशवीवरचा धपका, मध्ये ओल्या कापडाची मांडीवर चापट, वर सेलरीची काडी मोडल्याचा कडका. तिन्ही प्रत्येक गुद्द्याला दिले तर सगळे सारखे वाजतात. कडका फक्त दोन ठिकाणी. पकडीच्या चालींना कापडाचा ताण, बुटांची घसट आणि श्वास पुरतात. रेझिनची बाटली प्लास्टिकसारखी वाजते, तिच्या जागी खऱ्या काचेचा आवाज, वेगळा ध्वनिमुद्रित केलेला.

बारमधलं गाणं सगळ्या कटांखाली अखंड चालतं. दार उघडून माणूस बाहेर पडला आणि कॅमेरा बाहेर गेला की त्याच गाण्याचे ६०० हर्ट्झच्या वरचे सूर कापायचे, दार बंद झाल्यावर पातळी आणखी खाली. चार जण चारदा बाहेर जातात, चारही वेळा गाणं वेगळ्या ओळीवर असलं पाहिजे, नाहीतर वेळ गेल्याचं जाणवत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी एकच ओळ येत होती, गाणं आठ मात्रा पुढे सरकवलं.

१४ मार्च

उरलेल्या बाटल्या सात, खुर्च्या दोन, टेबल शून्य. साचे कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून, दोन्ही फाका एकत्र बांधून ठेवल्या. सुट्या ठेवल्या तर वाकतात आणि पुढच्या ओतकामात जोडरेषेतून रेझिन गळतं. दाराचा खरा खटका कला विभागाकडे, पिशवीवर सेट क्रमांक लिहून.